चढताना दम लागतो, मग दुखतं ते उतरल्याचं का?

पावसाळ्यातल्या एखाद्या सोमवारी सकाळी रेल्वेच्या पुलावर दोन मिनिटं थांबून बघा. शनिवार-रविवारी कोण गडावर जाऊन आलंय, ते विचारावं लागत नाही. जिना चढताना ही मंडळी चारचौघांसारखीच चढतात. उतरायची वेळ आली की मात्र कठडा धरतात, पाय आडवा टाकतात, तोंड वाकडं करतात आणि मागच्या गर्दीची बोलणी खात एकेक पायरी खाली सरकतात.

एकदा त्या रांगेत मीही होतो. शनिवारी कळसूबाईला गेलो होतो. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रात याहून उंच काही नाही. बारी गावातून पहाटे निघालो. चढताना जीव मेटाकुटीला आला, दर पन्नास पावलांवर 'फोटो काढू या' म्हणत थांबत होतो. उतरताना मात्र आरामात, गप्पा हाणत, शेवटी तर थोडं पळतच खाली आलो. रात्री ठणठणीत. रविवारी जरा जडपणा. सोमवारी सकाळी मांड्या अशा भरून आल्या की संडासात बसताना दाराची कडी धरावी लागली.

ऑफिसात दोन सल्ले मिळाले. एकजण म्हणाला, "लॅक्टिक ॲसिड साचलंय, पाणी पी भरपूर." दुसरा रोज जिमला जाणारा, तो म्हणाला, "दुखतंय ना? म्हणजे मसल बनतोय." पहिला साफ चूक होता आणि दुसरा अर्धा. आणि माझा स्वतःचा प्रश्न दोघांनीही बाजूलाच ठेवला: कष्ट पडले चढताना, मग दुखणं उतरणीचं कसं? उतरणीचं दुखणं हे मी कशावरून म्हणतोय, तेही पुढे येईलच. त्याआधी स्नायू करतो काय, ते बघावं लागेल.

स्नायूला एकच काम येतं

ओढण्याचं. स्नायू आखडतो, दोन्ही टोकांची हाडं एकमेकांकडे ओढतो आणि मग सैल सुटतो. त्याला ढकलता येत नाही.

लहानपणी 'बेटकुळी काढून दाखव' म्हटलं की आपण हात कोपरात दुमडायचो. ती बेटकुळी म्हणजे दंडाच्या पुढच्या बाजूचा आखडलेला स्नायू. पण हात पुन्हा सरळ करायचा झाला तर बेटकुळीचा काही उपयोग नाही. ती फक्त सैल होते. सरळ करण्याचं काम दंडाच्या मागच्या बाजूचा स्नायू करतो, तोही ओढूनच. म्हणून स्नायू बहुतेक जोडीने असतात, एक इकडे ओढणारा, एक तिकडे.

मग आपण बंद पडलेली गाडी ढकलतो ती कशी? हाताच्या मागचा स्नायू कोपर सरळ व्हावं म्हणून हाड ओढतो, गुडघ्याच्या वरचा गुडघा सरळ व्हावा म्हणून ओढतो. हाडांच्या तरफांमुळे बाहेरून ते ढकलणं दिसतं, आत सगळी ओढाओढच असते. आणि जीभ? जिभेला आत हाड नाही, तरी ती बाहेर निघते. त्यातही चमत्कार नाही. जिभेचा एक स्नायू तिला हनुवटीकडे ओढतो, शिवाय तिच्यातले आडवे धागे आखडले की ती अरुंद होते आणि लांब होते. मोदकाची उकड मुठीत दाबली की बोटांच्या फटींतून बाहेर येते, तसं.

शब्दाचा एक घोळ इथेच निस्तरून टाकतो. सुश्रुतसंहितेत शरीरातल्या ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजले आहेत. तिथे 'पेशी' म्हणजे मांसाचा गोळा, म्हणजे आपला आजचा मसल, आणि 'स्नायू' म्हणजे सांधे वगैरे बांधून ठेवणारे दोर. हिंदीत अजून 'मांसपेशी' म्हणतात ते त्यामुळेच. मराठीने पुढे मसलला स्नायू म्हटलं आणि पेशी हा शब्द सेलला देऊन टाकला. त्यामुळे जुने आकडे आजच्या शब्दांत वाचले की गोंधळ होतो. आजच्या मोजणीत हाडांना जोडलेले स्नायू सहाशेच्या वर भरतात. हृदयाचा स्नायू आणि आतडी, रक्तवाहिन्या यांच्या भिंतींतले आपल्या मर्जीबाहेरचे स्नायू वेगळेच. या लेखात मुख्यतः हाडांना जोडलेल्यांबद्दलच बोलू.

विहिरीवर पाणी शेंदणारे हात

मटण नीट शिजलं की त्याचे धागे सुटतात. तो एकेक धागा म्हणजे अनेक तंतूंची जुडी असते. एक तंतू म्हणजे एकच पेशी, जाडीला साधारण केसाएवढी किंवा त्याहून बारीक, पण लांबीला कित्येक सेंटिमीटर. या तंतूच्या आत आणखी बारीक दोऱ्या आणि प्रत्येक दोरी म्हणजे एकामागे एक जोडलेले सूक्ष्म डबे, आगगाडीसारखे. शास्त्रीय भाषेत या डब्याला सार्कोमिअर म्हणतात. एका मिलिमीटरमध्ये असे साधारण चारशे डबे बसतात.

खरं काम या डब्यात चालतं. डब्याच्या दोन्ही भिंतींपासून मधोमध येणारे बारीक दोर असतात, ते ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे. मध्यभागी जाड दांडे असतात, ते मायोसिनचे. या दांड्यांतून शेकडो चिमुकले हात बाहेर आलेले असतात.

विहिरीवर रहाट नसेल तर पोहरा हाताने शेंदावा लागतो, ते दृश्य डोळ्यासमोर आणा. दोर पकडायचा, आपल्याकडे ओढायचा, सोडायचा, पुढे पकडायचा, पुन्हा ओढायचा. मायोसिनचे हात हेच करतात. एका ओढीत दोर सरकतो तो मिलिमीटरच्या जेमतेम एक लाखाव्या भागाइतका. पण हात असंख्य, आणि सगळे एका वेळी सोडत नाहीत. काहींनी धरलेलं असतं तेव्हा काही पुढची पकड घेत असतात, नाहीतर पोहरा परत विहिरीत. प्रत्येक डबा किंचित आखडतो, हजारो डब्यांची बेरीज होते आणि बेटकुळी वर येते.

गंमत अशी की यात दोरही आखूड होत नाही आणि दांडाही नाही. ते एकमेकांवर सरकतात. हे कळायला १९५४ साल उजाडलं. तोवर प्रथिनांचे धागेच गुंडाळले जात असतील, असा समज होता. त्या वर्षी 'नेचर'च्या एकाच अंकात दोन वेगवेगळ्या गटांचे शोधनिबंध शेजारी शेजारी छापून आले. एका गटात अँड्र्यू हक्सली आणि रोल्फ नीडरगेर्के, दुसऱ्यात ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन. दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी नातं नव्हतं. विद्यार्थ्यांचा घोळ मात्र आजतागायत चालू आहे.

हात सोडवायलाही ताकद लागते

शेंदणाऱ्या हातांना खाऊ लागतो. तो म्हणजे एटीपी नावाचा रेणू, शरीराचं सुट्टं नाणं म्हणा. भात-भाकरी, साखर, चरबी या मोठ्या नोटा मोडून शरीर सतत ही नाणी पाडत असतं. शिलकीत फारच थोडी असतात. जोरात पळालात तर स्नायूतला साठा दोन-तीन सेकंदांत संपेल, म्हणून ती पाडण्याचं काम क्षणभरही थांबत नाही.

पण हे नाणं नेमकं कुठे खर्च होतं, ते ऐकून मी पहिल्यांदा चक्रावलो होतो. धरलेला दोर *सोडायला* मायोसिनच्या हाताला एटीपी लागतं. नाणं मिळालं की हात सुटतो, ते मोडून तो पुढच्या पकडीसाठी ताणून तयार होतो आणि मग ओढतो. नाणंच मिळालं नाही तर हात जिथे आहे तिथे, दोर धरून, अडकून बसतो.

याचा पुरावा आपल्या प्रत्येक घराने पाहिलेला असतो. माणूस गेला की जाणती माणसं घाईने डोळे मिटतात, जबडा बांधतात, हातपाय सरळ करून पायाचे अंगठे बांधतात. उशीर झाला तर अंग ताठ होतं, मग काही करता येत नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत असतं. श्वास थांबला, एटीपी बनणं थांबलं, आणि काही तासांत शरीरभरचे कोट्यवधी हात दोर धरून तिथल्या तिथे थिजले. हा ताठरपणा आधी जाणवतो तो पापण्यांत आणि जबड्यात. पुढे दीड-दोन दिवसांत प्रथिनंच विघटू लागतात तेव्हा अंग पुन्हा सैल होतं. आपल्या उन्हाळ्यात हे सगळं लवकर घडतं.

जिवंत माणसाचे हात सतत ओढत का बसत नाहीत, तर दोरावर झाकण असतं. तंतूच्या आत कॅल्शियम सुटलं की झाकण सरकतं आणि हातांना दोर सापडतो. कॅल्शियम परत कोठीत भरलं की झाकण बंद. हे भरणंही एटीपी खर्चूनच होतं.

हुकूम पोचला नाही तर

कॅल्शियम सोडण्याचा हुकूम मज्जातंतूकडून येतो. मज्जातंतू स्नायूला चिकटलेला नसतो. मधे सूक्ष्म फट असते आणि त्या फटीत एक रसायन टाकून निरोप दिला जातो.

या फटीचं महत्त्व ग्रामीण महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, कधी खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं म्हणून माणूस उठतो, मग पापण्या जड होऊन मिटायला लागतात, गिळता येत नाही, बोलणं जडावतं आणि शेवटी श्वास थांबतो. स्नायूत बिघाड काहीच झालेला नसतो. दोर शाबूत, हात शाबूत, एटीपीही आहे. मण्यारीच्या विषाने मज्जातंतूची टोकं निकामी केली, म्हणून निरोप पोचत नाही. शुद्ध असते, ऐकू येत असतं, पण पापणी उचलता येत नाही. अशा वेळी प्रतिविषाबरोबर कृत्रिम श्वास द्यायची सोय वेळेत मिळाली तर माणूस वाचतो, कारण काही दिवसांत टोकं पुन्हा कामाला लागतात. त्या काळात हृदय चालूच असतं, कारण ठोके देण्यासाठी त्याला बाहेरच्या हुकमाची गरज नाही. त्याचा ताल त्याच्या आतच ठरतो.

एक मज्जातंतू किती तंतूंना हुकूम देतो, यावर कामाची नजाकत ठरते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका मज्जातंतूच्या हाताखाली दहा-बारा तंतू, तर पोटरीत हजाराच्या वर. आणि मेंदू या बाबतीत पक्का चिक्कू आहे. चहाचा कप उचलायचा तर थोड्याच तुकड्या कामाला लावतो, गॅसचा सिलिंडर उचलायचा तर आणखी बोलावतो. गरजेपेक्षा एकही जास्त नाही. ही कंजुषी लक्षात ठेवा, उतरताना तीच महागात पडते.

आता गड उतरू

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो, गुडघा सरळ होतो, आपण एक पाऊल वर जातो. सरळ हिशेब, पोहरा शेंदणं. उतरताना उलटं होतं. पुढचा पाय खालच्या दगडाला टेकेपर्यंत सगळं वजन मागच्या पायावर असतं आणि तो गुडघा हळूहळू वाकत जातो. तो स्नायू तेव्हा जोर लावून धरत असतो आणि तरीही लांब होत जातो. त्याने पूर्ण सोडलं तर आपण कोसळू, घट्ट धरलं तर गुडघा वाकणार नाही. म्हणजे तो त्या वेळी ब्रेकचं काम करतो.

विहिरीच्या भाषेत, भरलेला पोहरा खाली सोडणं. दोर हातातून सरकू द्यायचा, पण धरून. मायोसिनचे हात दोर पकडतात, वजन दोराला उलट दिशेने खेचतं, हात ताणले जातात आणि हिसड्याने सुटतात. ते पुन्हा पकडतात, पुन्हा सुटतात. हिसड्याने सुटलेल्या हाताला सोडवायला एटीपी लागत नाही, म्हणून खर्च कमी. ताणलेला हात जास्त वजन पेलतो, म्हणून थोडे हात पुरतात. चिक्कू मेंदूला हे फारच सोयीचं, तो उतरताना थोड्याच तंतूंना कामाला लावतो. दम लागत नाही, गप्पा मारता येतात.

किती स्वस्त पडतं हे, ते १९५२ साली ॲबट, बिगलंड आणि रिची या तीन शास्त्रज्ञांनी फार मजेदार रीतीने दाखवलं. त्यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून ठेवल्या आणि एकाच साखळीने जोडल्या. एकाने पॅडल पुढे मारायचं, दुसऱ्याने उलटं फिरणाऱ्या पॅडलला पायाने अडवायचं. साखळी एकच, म्हणजे दोघांच्या पायांवरचा जोर सारखा. पण अडवणाऱ्याला प्राणवायू लागत होता पॅडल मारणाऱ्याच्या मानाने अगदी थोडा. लंडनला रॉयल सोसायटीत याचं प्रात्यक्षिक झालं तेव्हा एका लहानखुऱ्या तरुणीने अडवण्याचं काम घेऊन समोरच्या तरुणाला विशेष कष्ट न घेता दमवून टाकलं, आणि प्रेक्षकांची भरपूर करमणूक झाली.

फुकट मात्र काही नसतं. भरलेला पोहरा मोजक्या हातांनी खाली सोडला की तळवे सोलून निघतात. तेच तंतूंचं होतं. थोड्या तंतूंवर जास्त भार आल्याने काही डबे मर्यादेपलीकडे ताणले जातात, त्यांची रचना विस्कटते. सूक्ष्मदर्शकाखाली अशा डब्यांच्या भिंती, ज्या एरवी रांगोळीच्या रेघांसारख्या सरळ असतात, वेड्यावाकड्या फिसकटलेल्या दिसतात. कळसूबाई उतरताना माझ्या मांड्यांनी हजारो वेळा ब्रेक मारला होता. मी तेव्हा गप्पा मारत होतो.

पण मग ते लॅक्टिक ॲसिड?

हा समज इतका पक्का आहे की डॉक्टरमंडळीही कधी कधी तो बोलून जातात. त्याचं मूळ जुनं आहे. १९०७ मध्ये केंब्रिजला फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी दाखवलं, की थकलेल्या बेडकाच्या स्नायूत लॅक्टिक ॲसिड वाढलेलं असतं. १९२२ च्या नोबेलपर्यंत हा विषय गाजला. थकलेल्या स्नायूत ते सापडतं, म्हणजे थकव्याचं आणि दुखण्याचं कारण तेच, असा निष्कर्ष लोकांनी काढून टाकला. आग लागली तिथे बंब दिसतो, म्हणून बंबानेच आग लावली म्हणण्यासारखं.

हिशेब लावून बघा. जोराच्या व्यायामात वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक ॲसिडचंच शरीरातलं रूप, तासाभरात बहुतेक निचरून जातं. शरीर त्याचं इंधन करतं, हृदय तर ते आवडीने जाळतं. दुखणं मात्र सुरू होतं दुसऱ्या दिवशी आणि शिगेला पोचतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. शनिवारी दुपारी गेलेला पाहुणा सोमवारी सकाळी भांडण कसं करेल? शिवाय लॅक्टेट जास्त तयार होतं ते चढताना, धापा टाकताना. दोष त्याचा असता तर चढणाऱ्यालाच जास्त दुखायला हवं होतं. माणसांना उतारावरून पळवून पाहिलं तर नेमकं उलटं निघालं, लॅक्टेट कमी आणि दुखणं जास्त. खरं कारण थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच सुचवलं होतं, की स्नायूच्या आत काहीतरी फाटतं. मोडतोड झाली की डागडुजी सुरू होते, सूज येते, तिथली वेदना जाणवणारी टोकं हळवी होतात. या डागडुजीला वेळ लागतो, म्हणून दुखणंही उशिरा येतं.

भरपूर पाणी प्या, ते चांगलंच. पण धुऊन जाण्यासारखं तिथे काही साचलेलं नसतं.

मग दुखलं म्हणजे स्नायू वाढला, हे तरी खरं?

दुखणं एवढंच सांगतं की स्नायूला सवयीबाहेरचं काम पडलं. पंधरा दिवसांनी तोच गड पुन्हा उतरा, दुखणं निम्म्यावर येईल. एकदा खाल्लेला मार स्नायू काही आठवडे तरी लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी सांभाळून घेतो. वाढीसाठी लागतो तो पुरेसा ताण, वारंवार आणि हळूहळू वाढवत नेलेला. तालमीतला पैलवान रोज शेकड्यांनी जोर-बैठका मारतो. तो रोज कण्हत नाही, पण त्याच्या मांड्या बघा. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते, तेव्हा स्नायू तेवढाच असतो. मेंदू फक्त जास्त तुकड्या कामाला लावायला शिकतो. जाडी त्यानंतर वाढते. आणि हो, चरबीचा स्नायू होत नाही, व्यायाम सोडला म्हणून स्नायूची चरबीही होत नाही. दोन्ही वेगळ्या पेशी आहेत.

भरून येणं, गोळा येणं आणि उसण भरणं या आपल्याकडच्या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि मराठीने त्यांना वेगळे शब्द दिलेत हे छानच केलंय. रात्री पोटरीत गोळा येतो तेव्हा स्नायू आपल्या हुकमाशिवाय आखडून बसतो. पावलाची बोटं स्वतःकडे ओढून पोटरी ताणली की तो बहुधा सुटतो. कमरेत उसण भरते तिथेही स्नायू असाच आवळून बसतो, पण तिच्यामागे मणक्याचा काही त्रास असू शकतो.

भरून आलेल्या पायांसाठी थोडं चालणं, हलकं चोळणं, गरम पाण्याने शेकणं यांनी बरं वाटतं. चार-सहा दिवसांत ते आपोआप उतरतं. घाम गाळून आल्यावर, पोटात पाणी नसताना वेदनाशामक गोळ्या मात्र खाऊ नयेत, मूत्रपिंडांवर भार येतो. आणि एक गोष्ट थट्टेवारी नेऊ नका. सवय नसताना कोणी एका दिवसात शेकडो उठाबशा काढल्या आणि नंतर मांड्या टम्म सुजून लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर तडक दवाखाना गाठावा. मोडलेल्या स्नायूतलं द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडं बंद पडू शकतात. शाळेत शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

डब्यातली पावडर

हल्ली बिस्किटापासून कुल्फीपर्यंत सगळ्यावर 'प्रोटीन' लिहिलेलं असतं. प्रौढ भारतीय माणसासाठी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, शिफारस दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे. साठ किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. अंड्यात सहाएक ग्रॅम मिळतात. वरण, उसळ, दही, मासे यांतून गाठता येण्यासारखा आकडा आहे, पण पातळ वरणाच्या एका पळीत तो गाठला जात नाही. वय झालेल्यांना आणि जोरदार व्यायाम करणाऱ्यांना थोडी जास्त लागतात. उपाशी राहून किंवा हल्लीच्या इंजेक्शनांनी झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं, की काट्यावर कमी झालेल्या किलोंत स्नायूही असतो.

जिममधल्या दुसऱ्या डब्यातल्या क्रिएटिनची कथा आपल्या जवळची आहे. एटीपीची नाणी सेकंदांत संपतात म्हटलं ना, तेव्हा पुढचे दहाएक सेकंद निभावून नेणारी चिल्लर स्नायूने वेगळी ठेवलेली असते. तिचं नाव फॉस्फोक्रिएटिन. ते १९२७ मध्ये हार्वर्डला शोधलं सायरस फिस्के आणि आंध्रातून तिथे गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी. दोन वर्षांनी या जोडीने एटीपीही वेगळं काढलं, जर्मनीत कार्ल लोमान यांनी स्वतंत्रपणे काढलं त्याच सुमाराला. डब्यावर सुब्बारावांचं नाव कुठेच नसतं.

वर लिफ्टने, खाली जिन्याने

तिशीनंतर स्नायू हळूहळू घटत जातो आणि साठीनंतर घट वेग घेते. याला सार्कोपेनिया हे नाव १९८९ मध्ये मिळालं. म्हातारपणी माणूस खुर्चीत 'बसत' नाही, पडतो. मांडीचा ब्रेक लागत नाही म्हणून शेवटचं वीतभर अंतर धप्पकन जातं. जिन्यात, न्हाणीघरात तोल जातो तेव्हाही स्वतःला सावरून धरायला हाच ब्रेक हवा असतो.

'या वयात काय व्यायाम' असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुना प्रयोग. १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या, सरासरी नव्वद वर्षांच्या, अशक्त माणसांकडून आठ आठवडे मांडीचा वजनाचा व्यायाम करून घेतला. पुरा करणारे नऊजण होते. त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

आणि इथे उतरणं कामी येतं. वयाबरोबर उचलण्याची ताकद जेवढी घटते, तेवढी धरून सोडण्याची घटत नाही. शिवाय उतरायला दम लागत नाही, त्यामुळे हृदय-फुफ्फुसांवर ओझं कमी. तैवानमध्ये वयस्क, स्थूल बायकांच्या दोन गटांकडून बारा आठवडे एका गटाने फक्त जिना चढायचा आणि दुसऱ्याने फक्त उतरायचा, असं करून घेतलं. उतरणाऱ्या वर नेताना लिफ्टनेच नेल्या जायच्या. पायांची ताकद, हाडांची घनता, रक्तातल्या साखरेवरचा ताबा, सगळ्यांत उतरणाऱ्या बायका पुढे निघाल्या. हा निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

गुडघ्यांचं काय, हे विचाराल. उतरताना गुडघ्यावर भार जास्त येतो, हे खरं. ज्यांचे गुडघे आधीच झिजलेत, सुजतात, त्यांनी हा उद्योग डॉक्टरांना विचारून आणि खुर्चीपासून सुरू करावा. पण त्या सांध्याचे धक्के झेलतो तो मांडीचा स्नायूच. तो दुबळा पडला की सगळं ओझं कूर्चेवर येतं.

माझी आई सत्तरीच्या पुढची आहे. तिला मी सांगितलं, खुर्चीत बसताना पाच आकडे मोजत बस. आकडे मोजणं तिला पटलं नाही. ती 'श्रीराम जय राम जय जय राम' पूर्ण होईपर्यंत टेकत नाही. पहिल्या आठवड्यात मांड्या दुखल्या म्हणून तिने माझा उद्धार केला, मग ते थांबलं. आता ती तिसऱ्या मजल्यावरून कठडा धरून सावकाश उतरते आणि लिफ्टने वर येते. लिफ्ट चालू असताना जिन्याने का, असं सोसायटीतल्या बायका विचारतात. ती सांगते, "वर जाताना चालू असते. खाली येताना मी बंद धरते."